विचारून येणारं भूत

फर्ग्युसन रस्त्याच्या फुटपाथवर इंग्रजी पुस्तकं मांडून बसणारे विक्रेते पुस्तकं लेखकवार लावत नाहीत, गिऱ्हाइकाच्या चालीवर लावतात. श्रीमंत कसं व्हावं आणि सवयी कशा बदलाव्यात ही पुस्तकं रस्त्याच्या कडेला, कारण ती घेणारा घाईत असतो. उचलतो, पैसे देतो, निघतो. मधल्या रांगेत खुनाच्या रहस्यकथा. आणि भिंतीच्या बाजूला, जिथे दोघीतिघींना घोळका करून उभं राहता येतं, तिथे काळ्या कव्हरांची चळत. मी बराच वेळ बाजूला उभा होतो. पाठीवर क्लासच्या सॅक घेतलेल्या मुली आल्या, एकीने चळतीतलं मधलंच पुस्तक ओढलं आणि दुसरी तिच्या खांद्यावरून वाचू लागली. विक्रेत्याने हटकलं नाही. या पोरी उभ्याउभ्या बरंच वाचून काढतात, पण जाताना एखादं घेतातच, असा त्याचा अनुभव.

यंदा संपादकांनी विषय दिला ‘नवे वाचक’. सोबत तंबी दिली की मुलं वाचत नाहीत हे रडगाणं नको, ती काय वाचतात ते जाऊन बघा. बघायला गेलो तर पेठांतल्या आणि कोथरूडच्या लायब्ऱ्यांत, फुटपाथवर, फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबरात भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवातल्या सवलतीच्या स्टॉलवर सगळीकडे एकच पाहुणा पुन्हा पुन्हा भेटत राहिला. फिकट, देखणा, शंभरी ओलांडलेला आणि तरी सतरा वर्षांचा. रक्त पिणारा आणि प्रेमात पडलेला.

काळं कव्हर, लाल सफरचंद

चळतीत वरती अजूनही ‘ट्वायलाइट’ असतं. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००५ साली आली, मग दरवर्षी एक असे तीन भाग आले, आणि चारही भागांच्या मिळून दहा कोटींहून जास्त प्रती जगभर खपल्या. पहिल्या लाटेत ती वाचणाऱ्या मुली आता तिशीत आहेत. आज जी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ती विकत घेते तिचा जन्मच पुस्तकानंतरचा. भोवतीने नवी पिलावळ आहेच. ट्रेसी वुल्फची ‘क्रेव्ह’ २०२० ची, कॅरिसा ब्रॉडबेंटची ‘द सर्पंट अँड द विंग्ज ऑफ नाइट’ २०२२ ची. टिकटॉकवर २०२० मध्ये बंदी आली, पण पुस्तकांचे रील इन्स्टाग्रामवर सुखाने चालू आहेत आणि कुठलं पुस्तक वाचायचं हे तिथे ठरतं. मराठी वर्तमानपत्रातल्या परीक्षणांचा, म्हणजे आमच्यासारख्यांचा, त्यात काडीचा वाटा नाही.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. बेला ही सतरा वर्षांची मुलगी वडिलांकडे राहायला फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात येते. वर्गात एडवर्ड कलन भेटतो. १९१८ च्या फ्लूच्या साथीत शिकागोत मरणपंथाला लागलेल्या या मुलाला एका डॉक्टरने चावून ‘वाचवलं’ आणि तेव्हापासून त्याचं वय पुढे सरकलेलं नाही. त्याचं कुटुंब माणसांऐवजी जनावरांचं रक्त पितं आणि स्वतःला गमतीने शाकाहारी म्हणवतं. (सदाशिव पेठेत ही व्याख्या मान्य होणार नाही.) बेलाच्या रक्ताचा वास त्याला वेडावतो, तिच्यावर त्याचं प्रेमही बसतं, आणि पुढची सगळी पानं तो स्वतःला आवरण्यात घालवतो.

मला विचाराल तर गद्य सुमार आहे. एडवर्ड किती देखणा हे इतक्या वेळा सांगितलंय की संगमरवराचा कंटाळा यावा. पण एक जागा अशी आहे की लेखिकेला दाद द्यावी. दुसऱ्या भागात, ‘न्यू मून’मध्ये, एडवर्ड बेलाला सोडून जातो आणि त्यापुढची पानं जवळजवळ कोरी आहेत. एका पानावर फक्त ऑक्टोबर, पुढच्यावर नोव्हेंबर, मग डिसेंबर, जानेवारी. बस्स. फुटपाथवरच्या चोरट्या आवृत्तीत कागद पातळ, शाई पुसट, मधला एखादा फर्मा उलटा शिवलेला, अशा वस्तूत ही पानं आली की वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटते. पान दाखवून पुस्तक बदलून मागणाऱ्या मुली येतात, असं विक्रेता हसत सांगत होता. आता तो आधीच बजावतो की ते तसंच आहे. पुस्तक त्याने वाचलेलं नाही, पण त्याला हे पाठ आहे.

आपली भुतं

मराठी मुलीला भुताची ओळख व्हॅम्पायरने होत नाही. आजीने करून दिलेली असते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते. हडळ, जखीण, लावसट, खवीस, समंध, वाट चुकवणारा चकवा, सगळी मंडळी आपापल्या जागा धरून आहेत. यादीत बहुतेक सगळे इच्छा राहून गेलेले जीव आहेत. आणि ते करतात काय? धरतात. लागतात. झपाटतात. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून जाऊ नको, पिंपळाखाली थांबू नको, विहिरीत वाकून बघू नको, हे नियम मुलीसाठी. नियम मोडला की भूत लागलंच. तिला काय हवं होतं हा प्रश्न त्या गोष्टीत कुठे येतच नाही. लागल्यावर तिला घेऊन मोठी माणसं देवऋष्याकडे जातात आणि तिच्या तोंडून भुताला बोलतं करतात.

पुण्याचे नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी भयकथेला जे वैभव दिलं त्यातही मांडणी फार वेगळी नाही. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली त्यांची ‘लुचाई’ ही मराठीतली रक्तपिपासूंची गाजलेली कादंबरी. धारपांच्या जगात दुष्ट शक्तीशी झुंजायला कुणी जाणती, साधना केलेली व्यक्ती उभी राहते, त्यांच्या कथांतल्या समर्थांसारखी. धारप वाचून माझी पिढी रात्री पाणी प्यायला उठायची बंद झाली होती. पण भुताच्या प्रेमात पडावं असं कधी वाटलं नाही.

वेताळाचं प्रकरण मात्र निराळं आहे. पुण्यातल्या सगळ्यात उंच टेकडीवर त्याचं देऊळ आहे आणि पहाटे पळणारे, चालणारे, कुत्री फिरवणारे पुणेकर त्याला हात जोडून पुढे जातात. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्या थोरल्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्रभर गावाची राखण करत हिंडतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळ पंचविशी’ १८३० मध्येच मराठीत आणली. इंग्रजी वाचकांसमोर रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये ती नेली तेव्हा शीर्षकात वेताळाचा थेट ‘व्हॅम्पायर’ करून टाकला. रक्ताचा भाग सोडला तरी नातं जुळतं. हा बोलणारा, बुद्धिमान, विचारणा करणारा मुडदा आहे.

आता त्याची एक गोष्ट आठवा. एका मुलीला तीन मागण्या येतात, तिघेही सारखेच योग्य. निर्णय होण्याआधीच ती मरते. एक जण तिची रक्षा अंथरून तिथेच झोपतो, दुसरा अस्थी गंगेत नेतो, तिसरा हिंडताना मृताला उठवायचा मंत्र मिळवून आणतो. ती जिवंत होते आणि तिघे भांडू लागतात. वेताळ विचारतो, ही बायको कुणाची? राजा उत्तर देतो: जीव देणारा बापाच्या जागी, अस्थी नेणारा मुलाच्या जागी, रक्षेवर झोपलेला तो नवरा. उत्तर चोख आहे. पण ती मुलगी तिथेच उभी आहे ना, नुकतीच उठलेली, धडधाकट! तिला कुणी विचारत नाही. प्रश्न तिच्याबद्दलचा आणि विचारला जातो राजाला.

कोथरूडच्या एका लायब्ररीत दहावी-अकरावीच्या मुलींचा गट दर शनिवारी जमतो, त्यांना मी ही गोष्ट सांगितली. क्षणभर शांतता. मग चष्मेवाल्या एकीने विचारलं, “पण तिला कोण आवडत होतं?”

ज्याला मनातलं ऐकू येत नाही

त्याच मुलींकडून मला ‘ट्वायलाइट’ नीट समजलं. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं. वर्गातल्यांचं, घरातल्यांचं, रस्त्यावरून जाणाऱ्यांचं. फक्त बेलाचं येत नाही. त्यामुळे त्याला तिला विचारावं लागतं. पहिल्या भागात एक अख्खा दिवस तो तिला केवळ प्रश्न विचारत राहतो: आवडता रंग कुठला, आवडता खडा कुठला, गाणी कुठली, पुस्तकं कुठली. मी हा भाग कंटाळून भराभर उलटला होता. गटातल्या जवळजवळ सगळ्यांना नेमका तोच पाठ होता.

का, ते त्यांच्या दिवसाकडे बघितलं की कळतं. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, फोनवर लाइव्ह लोकेशन चालू. चाचणीचे मार्क मुलीला कळायच्या आधी क्लासच्या ग्रुपवरून आईबाबांना कळतात. सोसायटीतल्या काकूंना ती कुणाच्या स्कूटरवर आली ते कळतं. आजीला तिच्या चेहऱ्यावरून कळतं. सायन्स का कॉमर्स, जेईई का नीट, हे तर सगळ्यांना तिच्याआधीच कळलेलं असतं. तिच्या मनातलं ओळखणाऱ्यांची घरात रीघ आहे, आणि सगळे प्रेमानेच ओळखतात. अशात एक जण येतो ज्याला काहीही ओळखता येत नाही. समोर बसून तो विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. त्याचे सुळे वगैरे नंतरचं.

युरोपीय व्हॅम्पायरचा जुना नियमही हेच सांगतो. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’त हा नियम पक्का केला. ते पुस्तक लंडनमध्ये आलं मे १८९७ मध्ये. त्याच वसंतात पुण्यात प्लेग होता आणि रँडच्या हुकमाने गोरे सोजिर न विचारता घराघरांत शिरत होते, माजघरात, देवघरात, बाया तपासायला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण लंडनचं भूत दारात थांबत होतं आणि सरकार थांबत नव्हतं, हे एकदा लक्षात आलं की मनातून जात नाही.

रक्ताचं काय

ज्या घरांत ‘कावळा शिवला’ म्हणून मुलींना बाजूला बसवत, त्या घरांच्या नाती-पणत्या या वाचक आहेत. बाजूला बसणं बहुतेक ठिकाणी गेलं, पण देवघरात जाऊ नको, लोणच्याला हात लावू नको, औषधाच्या दुकानातून काळ्या पिशवीत आण, हे पुष्कळ घरांत शिल्लक आहे. वयात येण्याच्या वर्षांत रक्त ही लपवायची, धुऊन टाकायची, न बोलायची गोष्ट होते. आणि इथे एक मुलगा आहे जो तिच्या रक्तापायी वेडा झालाय. ‘ट्वायलाइट’ वाचणाऱ्या मुली आपसात हमखास विचारतात तो प्रश्न या गटातही निघाला: व्हॅम्पायरांच्या वर्गात बेला त्या चार दिवसांत काय करत असेल? प्रश्न विचारून सगळ्या इतक्या हसल्या की काउंटरवरच्या बाईंनी वर पाहिलं. मी तिथे बसलेला पन्नाशीचा पुरुष आहे हे त्यांना मग आठवलं. विषय बदलला.

भीती आणि ओढ एकाच ठिकाणी असणं, हे त्या वयाला नवं नाही. स्वतःचं शरीरच तसं वागत असतं. व्हॅम्पायर ते बाहेर, दुसऱ्या कुणाच्या अंगावर नेऊन ठेवतो. तिला निवांत बघता येतं. पुस्तक मिटता येतं.

आया आणि न्यायालय

आयांची काळजीही मी ऐकली. एकीला शंभर वर्षांच्या पुरुषाचं सतरा वर्षांच्या मुलीवर प्रेम हाच मुद्दा खुपत होता. दुसरीला इंग्रजी सुधारतंय यात समाधान होतं. तिला मी सांगितलं की एडवर्ड लग्नाआधी शरीरसंबंधाला ठाम नकार देतो, बेलाच मागे लागते, आणि लेखिका मॉर्मन पंथाची असल्याने हे आलं असावं. त्या बाईंचा चेहरा उजळला. असा मुलगा स्थळ म्हणून आला असता तर त्यांनी पत्रिका मागितली असती.

पुण्याला ही काळजी नवी नाही, आणि दिवाळी अंकाला तर नाहीच. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या एकेकाळी वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचल्या जात. त्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि पुण्यातल्या एका गृहस्थाने ती अश्लील आहे म्हणून फिर्याद केली. पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी सोडलं, उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवलं. निकालात न्यायमूर्तींनी म्हटलं ते आजच्या पालक-सभेतही वाचून दाखवावं: लैंगिकतेचा नुसता उल्लेखही वर्ज्य मानला तर कुमारवयीनांना एकही कादंबरी वाचता येणार नाही, केवळ धार्मिक पुस्तकं वाचावी लागतील. एका दिवाळी अंकाने मराठी वाचकांसाठी दिल्लीपर्यंत लढून मिळवलेली ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नाही.

खरी चिकित्सा मात्र न्यायालयात किंवा आयांकडे नाही, मुलींकडेच आहे. ‘रेड फ्लॅग’ हा त्यांचा रोजचा शब्द. एडवर्ड रात्री खिडकीतून बेलाच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो: रेड फ्लॅग. तिसऱ्या भागात तिने जेकब या मित्राकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भागच काढून ठेवतो: मोठा रेड फ्लॅग. दिवसभर प्रश्न विचारणारा हाच आणि न विचारता खिडकीतून येणाराही हाच, हे त्यांना स्वच्छ दिसतं. मग आवडतो कसा? यावर त्यांच्यात एकमत नाही. एकीच्या मते पुस्तकातला मुलगा आवडणं आणि वर्गातला मुलगा आवडणं यात फरक करता न येण्याइतक्या त्या बावळट नाहीत. ‘बुक बॉयफ्रेंड’ला बंक मारून भेटायचं नसतं. दुसरी म्हणाली की तिला तो आता ‘क्रिंज’ वाटतो, पण सातवीत वाचला तेव्हा वाटला नव्हता, आणि त्या सातवीतल्या मुलीवर ती हसू देणार नाही. तिसरी जेकबच्या पक्षाची. ती काहीच बोलली नाही, नुसती विजयी मुद्रेने बसली होती.

आपल्या गावात तो राहील कुठे

हा पाहुणा इथे मुक्कामाला आणायचे प्रयत्न झालेत. २०१० मध्ये स्टार वनवर ‘प्यार की ये एक कहानी’ ही हिंदी मालिका सुरू झाली, तिच्यातला अभय रायचंद म्हणजे आपला एडवर्डच. आज तिशीतल्या बायकांसमोर ते नाव काढून बघा. २०२५ च्या दिवाळीत ‘थामा’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरच्या पूना गेस्ट हाउसच्या घराण्यातले, आधी मुंजाला आणि त्याआधी मराठीत ‘झोंबिवली’ला पडद्यावर आणलेले. ‘थामा’त त्यांनी व्हॅम्पायरची जागा बेताळांना दिली, आणि इथे बेताळ आहे ती मुलगी, माणूस आहे तो मुलगा. वेताळ टेकडीच्या गावातल्या माणसाने हे करावं हे रास्तच.

खरी गर्दी आहे ती फोनवर, प्रतिलिपीसारख्या ॲपवर. तिथे मराठीत पिशाच्चांच्या प्रेमकथा भागाभागाने येतात, प्रत्येक भाग ऐन जागी तुटतो आणि खाली ‘पुढचा भाग कधी?’ची रांग लागते. शुद्धलेखनाचे धिंडवडे आहेत, नायकाचे डोळे हमखास निळे आहेत. पण मधूनच एखादी वाक्यरचना अशी येते की लिहिणारीने ती घरात ऐकलीय हे कळावं.

शनिवारच्या गटातली चष्मेवाली टोपणनावाने अशीच एक लिहिते. वाचते इंग्रजीत, पण लिहायला मराठी घेतली, कारण कथेत आजी आहे आणि आजी इंग्रजीत बोलेना. तिची पहिली अडचण ऊन ही होती. मायरला असं गाव हवं होतं जिथे सूर्य दिसत नाही, म्हणून तिने अमेरिकेतलं सर्वाधिक पावसाचं ठिकाण इंटरनेटवर शोधून फोर्क्स निवडलं. पुण्यात ते जमायचं नाही. एप्रिलात व्हॅम्पायरच काय, कावळाही बाहेर पडत नाही. तिने त्याला ताम्हिणीच्या बाजूला घर दिलं आणि गोष्ट जूनमध्ये सुरू केली. ऑक्टोबरात काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

सध्या ती अडलीय ती गेटपाशी. नायक पहिल्यांदा नायिकेच्या घरी येतो. नियमाप्रमाणे बोलावल्याशिवाय आत येऊ शकत नाही. पण बावधनच्या सोसायटीत बोलावतं कोण? वॉचमन नाव, गाडीचा नंबर आणि फ्लॅट विचारतो, ॲपमध्ये घालतो, आणि परवानगीची सूचना जाते आईच्या मोबाइलवर. तिथे भाग संपलाय. खाली वाचकांत दोन तट पडलेत. एकींचं म्हणणं, आईने नकार दाबावा आणि मुलीने खाली उतरून त्याला स्वतः आत घ्यावं. दुसऱ्यांचं म्हणणं, आईनेच त्याला वर बोलवून चहा टाकावा. लेखिकेचा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण मग त्याला चहा चालतो की नाही ते आधी ठरवावं लागेल, आणि सहामाही तोंडावर आलीय.